टॅब घ्यावा की न घ्यावा? : एक हिशेब

जळगाव म्हटलं की सगळ्यांना खानदेशातलं जळगाव आठवतं. आमचं जळगाव जामोद वेगळं. बुलडाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, कपाशीचं गाव. दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी विषय काढला, "बाबा, टॅब घ्यायचा आहे. पंधरा हजारांचा."

बाबा म्हणाले, "कापसाचे पैसे आले की घे. पण तुले त्याच्यावर नेमकं काय कराचं हाय, ते पयले सांग."

मला उत्तर देता आलं नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे माझा टॅब दोन क्विंटल कापसाचा! होस्टेलवर परतल्यावर ठरवलं, आधी अभ्यास करू, मग खरेदी.

'आकाश'ची गोष्ट

हा प्रश्न आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर सोडवून पाहिला आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' टॅब आला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजारांना पडत होता. ७ इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. किंमत ऐकून सगळे खूश झाले, पण वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या: चालतो हळू, बॅटरी लवकर संपते, पडदा जोरात दाबावा लागतो.

पडद्याचं कारण समजण्यासारखं आहे. तो रेझिस्टिव्ह होता. दोन वाहक थर, मध्ये बारीक फट. दाबल्यावर थर टेकतात आणि त्या ठिकाणच्या व्होल्टेजवरून बोट कुठे आहे ते कळतं. कपॅसिटिव्ह पडद्यात बोटाने विद्युतक्षेत्र बदलतं, त्यामुळे नुसता स्पर्श पुरतो. ११ नोव्हेंबर २०१२ ला आलेल्या 'आकाश २' मध्ये असा पडदा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम होती. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने त्यावर सी, पायथन, सायलॅब चालवण्याचं काम केलं. म्हणजे यंत्रासोबत "यावर विद्यार्थी करणार काय?" हा प्रश्नही त्यांनी हाती घेतला. बाबांचाच प्रश्न!

दोन सोपी गणितं

पहिलं अक्षरांचं. आपल्या नोट्स ए-४ पानावर, म्हणजे रुंदी २१० मिमी. ७ इंची 'आकाश' उभा धरला तर रुंदी सुमारे ९१ मिमी. पूर्ण पान बसवलं तर १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं होतं. साडेसहा इंची फोनवर ते ४ पॉइंटच्याही खाली जातं. ११ इंची टॅबची (१६:१०) रुंदी सुमारे १४८ मिमी, अक्षर ८ पॉइंटच्या थोडं वर. वाचण्यासाठी टॅब फोनपेक्षा का बरा, ते इथे कळतं.

दुसरं बॅटरीचं. नुसते मिलिअँपिअर-तास पाहू नका, व्होल्टने गुणून वॅट-तास काढा. ८,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.८५ व्होल्ट म्हणजे सुमारे ३१ वॅट-तास. टॅब सरासरी ४ वॅट खात असेल तर साडेसात तास चालेल.

माझी सात दिवसांची वही

मग सात दिवस वहीत टिपून ठेवलं. पीडीएफ वाचन १४ तास, लेक्चरचे व्हिडिओ ४, रिपोर्ट टाइप करणं ५, सॉलिडवर्क्स ९. एकूण ३२ तास, त्यातले १८ टॅबवर मस्त जमणारे. झालं की! घेऊन टाकू!

पण रूममेटचा टॅब एक संध्याकाळ मागून घेतला तेव्हा चूक लक्षात आली. वाचायला मजा आली, प्रश्नच नाही. तरी त्या १८ तासांचं काम आजही अडत नाही. फोन आहे, लायब्ररी आहे, झेरॉक्स आहे. अडतं ते सॉलिडवर्क्सचं. त्याला विंडोज लागतं, अँड्रॉइड टॅबवर ते चालत नाही. लॅब बंद झाली की माझं मॉडेल अर्धवट राहतं. त्या आठवड्यात दोनदा राहिलं.

म्हणजे कोणतं काम किती तास, हा हिशेब अपुरा आहे. कोणतं काम या वस्तूवाचून अडतं, हे विचारायला हवं.

निष्कर्ष

माझं उत्तर: आत्ता टॅब नाही. ते पैसे जुन्या पण चांगल्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवायचे. रूममेटचं उत्तर वेगळं आहे. त्याच्याकडे लॅपटॉप आहे, तो पेनने टॅबवर आकृत्यांसकट नोट्स काढतो. त्याच्यासाठी टॅब वसूल आहे.

तुम्ही घेणार असाल तर आधी एवढं करा: सात दिवस वही ठेवा, कुणाचा तरी टॅब एक संध्याकाळ वापरा, आपल्याच नोट्स त्यावर उघडून बघा, आणि तुमच्या ब्रँचचं सॉफ्टवेअर चालतं का ते तपासा.

फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग लॅपटॉपवर काय कराचं हाय?" या वेळी माझ्याकडे उत्तर तयार होतं.