बोलेरोचं नाक किती उंच असावं?

प्रश्न : माझ्याकडे अडीच लिटर डिझेल इंजिनाची जुनी बोलेरो आहे. एटापल्ली, आलापल्ली, भामरागड असं भाड्यावर फिरणं असतं. आताशा गाडी चढावर ओढत नाही, जोर दिला की काळा धूर टाकते. गॅरेजवाले भाऊ म्हणतात, स्नॉर्केल बसवून घ्या. हवा मोकळी मिळेल, पिकअप वाढेल, आणि पावसाळ्यात रपट्यावर पाणी असलं तरी गाडी बिनधास्त काढता येईल. बसवू काय?
– एक वाचक, एटापल्ली

उत्तर : भाऊंनी दोन फायदे सांगितले, पिकअपचा आणि पाण्याचा. पहिला जवळपास खोटा आहे आणि दुसरा अर्धवट खरा. तुमच्या भागात स्नॉर्केलचा खरा उपयोग आहे तो धुळीसाठी, आणि तो त्यांनी सांगितलाच नाही.

त्यांचाही दोष नाही म्हणा. टपाच्या उंचीवरून इंजिनाला हवा देणाऱ्या या नळीच्या नावातच पाणी शिरलेलं आहे. शब्द आला पाणबुडीतून. पाण्याखाली असतानाच डिझेल इंजिनाला वरची हवा ओढता यावी म्हणून डच नौदलाने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अशी नळी वापरात आणली. १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतलं तेव्हा ती त्यांच्या हाती लागली आणि पुढे त्यांनी ती आपल्या पाणबुड्यांना बसवली. त्यामुळे जीपच्या खांबाला चिकटलेली काळी नळी दिसली की माणसाला आधी नदी आठवते.

इंजिनाची भूक किती असते ते आधी पाहू. एक लिटर डिझेल पुरतं जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. तुमचं अडीच लिटरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर टर्बो नाही असं धरलं तरी ते त्या एका मिनिटात तीन हजार लिटरच्या वर हवा ओढतं. म्हणजे छतावरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या असतात ना, तशा तीन. टर्बो असेल तर याहून पुष्कळ जास्त. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरच्या घड्यांमधून जाते, आणि तुमच्या रस्त्यांवर त्या हवेत काय असतं ते तुम्हीच जाणता. मुरमाचा रस्ता, सुरजागडकडून येणारे लोहखनिजाचे ट्रक, आणि त्यांच्या मागे उठणारा तो लाल पडदा.

आता पिकअप. स्नॉर्केलचं तोंड समोर ठेवलं की वाऱ्याचा झोत आपोआप आत घुसतो आणि इंजिनाला जादा हवा मिळते, असं सांगतात. हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा तो दाब भरतो साधारण १७ मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. वातावरणाच्या दाबाच्या पाव टक्कासुद्धा नाही. धुळीने भरलेला फिल्टर याच्या कित्येक पट दाब खाऊन टाकतो. शिवाय जंगलात तुम्ही साठला चालता कुठे?

उन्हाळ्यात बाहेरच्या हवेचा फायदा मात्र थोडा खरा आहे. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४६-४७ अंशांची हवा मुळातच विरळ असते. त्यात इंजिन बोनेटखालची ६० अंशांची हवा ओढत असेल, तर बाहेरच्या हवेपेक्षा चारेक टक्के कमीच हवा पोटात जाते. पण बहुतेक कंपन्या हवेचं मूळ तोंड बोनेटच्या उष्ण भागापासून बाजूलाच ठेवतात, त्यामुळे तिथे मिळवायचं फारसं उरत नाही. ज्यांनी हौसेने मूळ डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला आहे, त्यांनी मात्र तो आजच काढावा. आपल्याकडच्या धुळीत ते शहाणपणाचं नाही.

तेव्हा काळ्या धुराचा पहिला संशय फिल्टरवर. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, की धूर काळा येतो. फिल्टर काढून उन्हाकडे धरा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर त्याचं आयुष्य संपलं. कॉम्प्रेसरची नळी थेट टेकवून फुंकून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या जोराने कागदाला बारीक चिरा पडतात, आणि मग गाडी ‘मोकळी’ वाटायला लागते, कारण धूळ सरळ आत जाते. त्या धुळीतले वाळूचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. रिंगा आणि सिलिंडर ते घासून काढतात. फुंकायचंच असेल तर कमी दाबाने, हातभर दुरून, आतून बाहेर. नवा मूळ फिल्टर घालूनही धूर राहिला तर नोझल, पंप, टर्बोच्या नळ्या बघा. स्नॉर्केलने त्यातलं काहीही दुरुस्त होत नाही.

धुळीसाठी उंच नाकाचा उपयोग काय, ते ताडोब्यात एका सफारीत कळतं. कोलारा किंवा मोहर्ली गेटमधून जिप्स्या एकामागून एक आत शिरतात, आणि दुसऱ्या गाडीपासूनच्या पाहुण्यांचे दुपट्टे तोंडावर चढतात. माणसं बसतात उंचावर, जिप्सी श्वास घेते बोनेटच्या उंचीवर, म्हणजे पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेल्या ऐन लोटात. जाड कण फार वर चढत नाहीत. टपाच्या उंचीवरून हवा घेतली की त्यातले बरेचसे खालच्या खाली राहतात, आणि फिल्टर जास्त दिवस टिकतो.

आपल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. ट्रॅक्टर बघा. हवेची नळी बोनेटच्या वर, आणि तिच्या डोक्यावर छत्रीसारखी टोपी. कित्येकांना त्या टोपीखाली पारदर्शक वाटीही असते. हवा तिच्यात गरगर फिरते, जड धूळ कडेला फेकली जाऊन वाटीत साठते, मग बाकीची हवा फिल्टरकडे जाते. संध्याकाळी वाटी उलटी केली की ओंजळभर माती निघते. स्नॉर्केललाही अशी फिरकीची टोपी मिळते. तुमच्या रस्त्याला मी तीच सुचवीन. तोंड पुढे करून ठेवलेलं डोकं रुबाबदार दिसतं, पण समोर ट्रक असला की ते धूळच पितं. साधं डोकं असेल तर कोरड्या दिवसांत ते मागे फिरवून ठेवा.

नळीच्या व्यासाबाबत घासाघीस करू नका. तीन इंची नळीऐवजी अडीच इंची घेतली, तर तेवढीच हवा ओढायला इंजिनाला दुपटीहून थोडा जास्तच जोर लावावा लागतो. स्वस्तातल्या संचात बाहेरची नळी जाडजूड आणि आतला रबरी होज मात्र अरुंद, सुरकुत्यांचा, असं असतं. विकत घेताना त्या होजमध्ये हात घालून बघा. मूळ डब्याच्या तोंडापेक्षा कुठलाही भाग अरुंद नको.

आता पाणी. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती जिथे भेटतात तिथे तुम्ही जाता. इंद्रावती फुगली की पर्लकोटाचं पाणी मागे तुंबतं, ठेंगण्या पुलावर चढतं आणि भामरागडचा संपर्क तुटतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. एवढंच बघा : पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा कंपनीतूनच स्नॉर्केल लावून येते. तिचं तोंड टपापाशी असतं, तरी कंपनी पाण्याची मर्यादा सांगते ७०० मिलिमीटर. बिनस्नॉर्केलच्या थारची आहे ६५०. नाक एवढं उंच करून फरक पडला पाच सेंटिमीटरचा! आणि हे आकडे वाहत्या पुराचे नव्हेत. पाणी गाडीच्या पोटाला टेकलं की त्यापुढच्या प्रत्येक दहा सेंटिमीटरला ते जवळपास सहा क्विंटल वजन उचलून धरतं. सोळा क्विंटलच्या गाडीची चाकं रपट्यावरून सुटायला मग वेळ लागत नाही. इंजिन सुरूच असतं, गाडी मात्र नाल्यात.

मग अर्धं खरं कुठलं? थांबलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्यात बोनेटवर लाट येते, तेव्हा स्नॉर्केल इंजिन वाचवतो. पाणी दाबलं जात नाही. तुमच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर एका सिलिंडरमध्ये जेमतेम ४० मिलिलिटर जागा उरते, टपरीवरच्या कटिंगच्या निम्मी. त्याहून जास्त पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून बघायची नाही, ओढूनच काढायची.

माझ्या जुन्या जीपला हौसेने स्नॉर्केल बसवला होता. एका गुडघाभर नाल्यातून ऐटीत बाहेर आलो आणि शंभर पावलांवर इंजिन खोकायला लागलं. डबा उघडला, तर तळाशी पाणी आणि फिल्टर भिजून लगदा. फिल्टरच्या डब्याला खाली पाणी निथळायचं एक भोक असतं. ते बसवणाऱ्याने तसंच उघडं ठेवलं होतं. नाक टपावर आणि तोंड नाल्यात! तिथे एकाच दिशेने उघडणारी रबरी चोच लागते, आणि डब्याच्या झाकणाला, प्रत्येक सांध्याला सिलिकॉन आणि घट्ट क्लॅम्प.

बसवलाच, तर दोन गोष्टी करा. पहिली, पैसे देण्याआधी गॅरेजसमोरच गाडी न्यूट्रलला सुरू ठेवा आणि स्नॉर्केलच्या तोंडावर जाड रबरी मॅटचा तुकडा दाबून धरा. तळहात लावू नका, ओढ जबर असते. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर ते दुसरीकडून कुठूनतरी श्वास घेतं आहे. दुसरी, महिन्याभराने फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडची नळी काढून आत बोट फिरवा. बोट लाल आलं तर काम परत करून घ्या. त्याच खेपेला डिफरन्शिअलच्या ब्रीदरला नळी जोडून ती वर घ्यायला सांगा. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की पाणी शोषून घेतो, आणि ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. बाहेरून फेरफार केलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं. तुमची गाडी भाड्याची, तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा : आधी फिल्टर, मग सांधे, मग ब्रीदर, आणि पैसे उरले तर स्नॉर्केल.

बसवल्यावर एक काळजी. ताडोब्याचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, तेव्हा तिकडच्या कित्येक गाड्या उभ्याच असतात. तुमचीही पुराच्या दिवसांत असेल. उभ्या गाडीची अंधारी, कोरडी नळी कुंभारीण माशीला फार आवडते. चिखलाची दोन-चार घरटी ती सहज बांधून जाते. पहिल्यांदा गाडी सुरू करण्याआधी टपावर चढून बॅटरीने आत बघा.