बालचित्रे आणि शिक्षकाचा हात

हाती आलेल्या कोळशाने सारी भिंत रंगविणारे चार वर्षांचे मूल दहाव्या वर्षी 'मला चित्र येत नाही' असे सांगून मोकळे होते. मधल्या काळात काय घडते? आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील, बहुतेकजण पालक होतील. म्हणून हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या तासापुरता नाही.

व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बालचित्रांच्या अवस्था वर्णिल्या आहेत. साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत नुसत्या गिरगोट्या. चार ते सातपर्यंत माणूस म्हणजे एक गोल आणि त्याला फुटलेले हातपाय. सात ते नऊच्या सुमारास जमिनीची एक रेघ व प्रत्येक वस्तूचे ठरलेले रूप. या वयाचे आपल्या शिरोळकडील मूल उसाची बैलगाडी काढील, तर दोन्ही चाके शेजारी शेजारी दाखवील. घर काढील, तर भिंतीआडची चूलही दाखवील. ही चूक नव्हे. मूल डोळ्यांना दिसते तेवढेच काढीत नाही, त्याला ठाऊक असते तेही काढते.

नवव्या वर्षानंतर मात्र आपले चित्र 'खऱ्यासारखे' नाही, हे त्याचे त्यालाच जाणवू लागते. नेमक्या याच वेळी फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य आणि एक नारळाचे झाड काढून 'असे काढा' म्हटले, की मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो.

दुसरी वाट आपल्याच महाराष्ट्रात चोखाळली गेली आहे. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्रामला आले आणि 1962 पर्यंत नयी तालीमच्या कार्यात राहून मुलांना कला शिकवीत होते. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हा विचार त्यांनी पुढे ग्रंथरूपानेही मांडला.

आता प्रत्यक्ष पाठ कसा घ्यावा? प्रथम खोडरबर बाजूला ठेवावे. मुलांसमोर बेंदराचा मातीचा बैल, उसाचे कांडे किंवा तांब्या ठेवावा. तो हाताळू द्यावा. मग नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवावी आणि त्याच गतीने, कागदाकडे न पाहता, पेन्सिल चालवावी. किमॉन निकोलायडीस यांच्या 1941 च्या पुस्तकातील हा प्रसिद्ध अभ्यास आहे. आकृती वेडीवाकडी येते, परंतु डोळा पाहावयास शिकतो. त्यानंतर वस्तू झाकून आठवणीने चित्र काढावयास सांगावे. 'हे काय काढलेस?' असे दरडावून विचारण्याऐवजी 'याविषयी सांग' म्हणावे. मुलाच्या कागदावर शिक्षकाने आपली रेघ कधीही मारू नये.

कोणी म्हणेल, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांचे काय? त्यांतील वस्तुचित्राला निरीक्षण लागते, स्मरणचित्राला आठवण लागते. वरील पाठ ह्या दोहोंचीच तयारी करतो. यथार्थदर्शनाचे नियमही शिकवावेत, पण मुलाला त्यांची गरज भासेल तेव्हा. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाच्या वर्तुळाकार मोकळ्या छताखाली बसून चित्र काढणारा मुलगा 'हे वर्तुळ इथून लांबट का दिसते?' असे आपणहून विचारतो, तेव्हा तो नियम ऐकावयास खरोखर तयार झालेला असतो.

अशा रीतीने शिकलेली सगळीच मुले चित्रकार होणार नाहीत. परंतु जे समोर आहे ते नीट पाहण्याची सवय आणि आपल्या हाताविषयीचा भरवसा त्यांना लाभेल, आणि पुढे शेतात, दुकानात वा कचेरीत कोठेही गेली तरी ती शिदोरी त्यांना पुरेल.