होडीच्या काठाचा दोर

प्रश्न : आमच्या लहान लाकडी मोटारहोडीच्या काठावरील काथ्याचा जाड दोर कुजला आहे. नवा कोणता व कसा बसवावा? — एक वाचक, मालवण

उत्तर : जुना दोर उतरवताच नवा बसविण्याची घाई करू नये, असा माझा आग्रह आहे, कारण काथ्या खाऱ्या पाण्यास सहसा दाद देत नसला, तरी पावसाचे गोडे पाणी तो दीर्घकाळ धरून ठेवतो, आणि त्या ओलीने आतील फळी नकळत कुजलेली असण्याचा संभव असतो. म्हणून फळी टोचणीने ठिकठिकाणी तपासावी, मऊ लागलेला भाग काढून नवे लाकूड सांधावे, जुनी भोके बुजवावीत, आणि सर्व पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. या कामास वैशाख, म्हणजे होडी शाकारण्यापूर्वीचा काळ, सर्वोत्तम. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त खरा, परंतु उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात. पॉलिएस्टर ऊन अधिक सोसतो, तथापि लाकडी होडीस मी काथ्याचीच शिफारस करीन, कारण तो आघात सौम्यपणे झेलतो. लोखंडी खिळे मात्र वर्ज्य समजावेत; गंजरोधक पोलादाचे स्क्रू दोराच्या पिळात इतके खोल बुडवावेत, की त्यांची डोकी शेजारच्या होडीस लागू नयेत. नाळेवर दोराचे दोन पदर घेण्याची तजवीज अवश्य करावी.