परवानग्यांची शिरगणती

शाळेच्या संगणकावर एका कप्प्यात आठ फाइली आहेत, असे समजा. त्यांपैकी एकीत वर्गाचे गुण आहेत. ती कोणालाही बदलता येण्याजोगी तर राहिली नाही ना? आठ फाइली डोळ्यांनी तपासता येतील. पण आठ हजार असल्या तर?

युनिक्स या प्रणालीचे काम १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी सुरू केले. युनिक्समध्ये, तसेच तिच्या धर्तीवरील लिनक्समध्ये, प्रत्येक फाइलीच्या परवानग्या मालक, गट व इतर अशा तिघांसाठी वेगवेगळ्या असतात. वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालविण्यास १ असे अंक देऊन त्यांची बेरीज करतात. ६४४ म्हणजे मालकास ४ + २ = ६, अर्थात वाचणे व लिहिणे; बाकीच्यांस केवळ वाचणे. ४, २, १ हेच अंक का? कारण ० ते ७ पैकी प्रत्येक बेरीज त्यांच्यापासून एकाच रीतीने होते.

आता मोजणी करू. 'एलएस -एल' ही आज्ञा दर फाइलीमागे एक ओळ देते. ओळीतील पहिले अक्षर फाइलीचा प्रकार सांगते, पुढील नऊ परवानग्या सांगतात. 'कट -सी १-१०' एवढाच भाग कापून घेते, 'सॉर्ट' ओळी क्रमाने लावते आणि 'युनिक -सी' सारख्या ओळी मोजते. (आज्ञा रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात, 'युनिक' क्यूवरच संपते.) दोन आज्ञांमध्ये उभी रेघ दिली की पहिलीचे उत्तर दुसरीस मिळते. ही 'पाइप'ची कल्पना डग्लस मॅकइलरॉय यांची. युनिक्समध्ये ती १९७३ साली आली.

मध्ये 'सॉर्ट' कशाला? 'युनिक' फक्त लगतच्या ओळी ताडून पाहते. ६४४, ६००, ६४४ अशा क्रमाने ओळी आल्या, तर ती ६४४ दोनदा, एकेक म्हणून मोजील!

आपल्या कप्प्याचे उत्तर समजा असे आले: ६०० च्या २, ६४४ च्या ५ व ६६६ ची १. (पडद्यावर अंकांऐवजी आर, डब्ल्यू ही अक्षरे दिसतील. एकूण जागा सांगणारी 'टोटल'ची ओळ सोडून द्यावी.) ती एकटी ६६६ कोणालाही बदलता येते! 'फाइंड . -पर्म ६६६' ही आज्ञा तिचे नाव सांगेल. ती गुणांचीच निघाली, तर 'सीएचमॉड ६००' व पुढे फाइलीचे नाव देऊन ती मालकापुरती ठेवावी.

आता तुम्ही सांगा: ७५० या परवानगीचा अर्थ काय? आणि अशा तीन अंकी परवानग्या एकूण किती होतील?