मांडवीचे दोन्ही काठ



डिसेंबर जवळ आला की आपल्या सिंधुदुर्गातून जुन्या गोव्याला गाड्या निघतात. पहाटे निघायचे, बॉम जेझूमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांपुढे गुडघे टेकायचे, मेणबत्ती लावायची, फेस्ताच्या बाजारातून खाजे घ्यायचे आणि रात्री घरी परतायचे. ही श्रद्धा चांगलीच आहे. पण ज्या मांडवीच्या काठी आपण जातो, तिच्याकडे पाठ करूनच आपण परत येतो. या वर्षी नदी ओलांडून पाहू या.

संत फ्रान्सिस १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. १५५४ मध्ये त्यांचे शरीर जहाजाने गोव्यात आले. त्या काळी शहराचा मुख्य दरवाजा नदीच होती. राजाचे अधिकारी त्याच धक्क्यावर उतरत आणि मिशनरीही तेथेच उतरत. तलवार आणि क्रूस एकाच जहाजातून आले, ही गोष्ट आपण विसरू नये.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेले की दिवाडी बेट लागते. टेकडीवर पिएदादचे, म्हणजे दयामातेचे चर्च आहे. तेथून जुन्या गोव्याची चर्चे झाडांतून वर डोकावताना दिसतात. याच दिवाडीवर कदंब राजांचे आराध्य दैवत सप्तकोटेश्वर यांचे देऊळ होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली ते पाडले गेले. भक्तांनी आपला देव पाण्यापलीकडे डिचोलीच्या नार्वे गावी नेला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. आजही दिवाडीहून नार्व्याला फेरी जाते.

कोणी विचारील, फादर, हे आम्हांला कशाला सांगता? आम्ही तर काही पाडले नाही. खरे आहे, पूर्वजांच्या कृत्याचा दोष आपल्या माथी येत नाही. पण त्यांच्या पुण्याईचा अभिमान आपण मिरवतो, तर त्यांच्या चुकांची आठवण तेवढी नाकारता येणार नाही. अर्धी आठवण म्हणजे स्मृती नव्हे, ती स्वतःची स्तुती होय. १२ मार्च २००० रोजी पोपमहोदय जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. इतर धर्मांच्या व संस्कृतींच्या लोकांविरुद्ध घडलेली पापेही त्यात होती. त्यामुळे ख्रिस्तसभा लहान झाली नाही.

याच काठांवर दुसरीही आठवण आहे. जुन्या गोव्याच्या ऑरेटरीतले संत जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले. तेथे डच सत्तेने कॅथलिकांची उपासना बंद पाडली होती. वेश पालटून, उपाशीपोटी त्यांनी त्या लपलेल्या भाविकांची सेवा केली. पुढे दिवाडीचेच फादर जाकोम गोन्साल्विस तेथे गेले व त्यांनी सिंहली भाषेत धर्मग्रंथ लिहिले. या दोघांच्या पाठीशी ना सैन्य होते, ना सत्ता. शुभवार्ता अशीही जाते. खरे तर ती अशीच जाते.

प्रभू येशू आपल्याला काय शिकवितो? वेदीवर अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे (मत्तय ५:२३-२४). आपली वेदी या काठावर आहे. भाऊ पलीकडच्या काठावर आहे.

म्हणून सकाळी बॉम जेझूमध्ये मिस्सा, दुपारी दिवाडी आणि संध्याकाळी नार्वे असा बेत करावा. गाडी रस्त्याने नार्व्याला पाठवावी. तेथून डिचोली, दोडामार्गमार्गे घर गाठता येते. बेटावर काही किलोमीटर अंतर आहे, तेव्हा वृद्धांसाठी वाहनाची सोय आधीच करावी. देवळाच्या आवारात चपला काढून, शांतपणे, पाहुण्यासारखे वागावे. गावातल्या हिंदू शेजाऱ्यांनाही सोबत बोलवावे.

चिंतनासाठी: आपल्या वाडीत असा कोणता शेजारी आहे, ज्याच्या काठावर आपण अजून उतरलो नाही?