आधी त्याला अभय : गीता १२.१५ आणि डोंगरातली सायकल



आजच्या चिंतनाला भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक घेतलाय. हा भक्तियोगाचा अध्याय. आपला लाडका भक्त कसा असतो, हे भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. श्लोकाचा साधा अर्थ असा: ज्याच्यामुळे कुणाची घालमेल होत नाही, कुणामुळे ज्याची स्वतःची घालमेल होत नाही, आणि हर्ष, अमर्ष, भय, उद्वेग या चौघांच्या तावडीतून जो सुटलाय, तो मला प्रिय आहे.

आपण तरुण मंडळी हा श्लोक बहुतेक वेळा मधूनच वाचायला लागतो. "लोक काहीही बोलू देत, मी शांत राहणार." स्टेटसला ठेवायला हे छान वाटतं. पण भगवंतांनी लावलेला क्रम बघा. माझ्या शांतीची गोष्ट दुसरी येते. पहिली गोष्ट आहे समोरच्याच्या शांतीची: माझ्यामुळे तो घाबरला का? माझ्या येण्याने त्याचं काही बिघडलं का?

हा क्रम मला सगळ्यात नीट समजतो तो सायकलवर. मी मुकुंदवाडीत राहतो. रविवारी पहाटे बीड बायपास ओलांडून सातारा-देवळाईच्या डोंगराकडे, कधी लांबचा पल्ला असेल तर चौका-सारोळ्याकडे आमची चक्कर असते. डांबरी रस्ता सुटून कच्ची वाट लागली की घर बदलतं. आता आपण पाहुणे असतो. मोर असतात, ससे असतात, मुंगूस आडवं जातं, वाटेवर ऊन खात धामण पडलेली असते. आणि रोही. पुस्तकात नीलगाय म्हणतात, आमच्याकडे रोहीच.

माउलींचा समुद्र

या श्लोकावर ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीत जो दृष्टांत दिलाय, तो फार सुंदर आहे. समुद्र कितीही खवळला तरी त्यातल्या जलचरांना त्याची भीती वाटत नाही, आणि इतके जीव अंगावर वावरत असूनही समुद्र त्यांना कंटाळत नाही. दोन्ही बाजू एका चित्रात आल्या. समुद्र मोठा आहे, ताकदवान आहे, तरी त्याच्या पोटातला मासा निर्धास्त आहे.

आता स्वतःला विचारू या. डोंगरात आपण शिरतो तेव्हा ताकदवान कोण असतं? आपल्याला वाटतं, जनावर. जनावराला वाटतं, माणूस. आपल्याकडे चाकं, दिवे, आवाज आणि जमाव आहे. ससा तर सोडाच, २०० किलोच्या वर वजन जाणारा रोहीचा नरसुद्धा आपल्याला पाहून उधळतो. म्हणून श्लोकाचा पहिला अर्धा भाग आपल्यासाठीच आहे.

तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माउली माणसाच्या चालण्यापर्यंत येतात. लाट मोडू नये अशा बेताने पाण्यात पाय टाकणारा बगळा, आतला केसर चुरगळू नये म्हणून कमळावर हळूच उतरणारा भुंगा, तसं त्या माणसाचं पाऊल पडतं. त्या काळी पाऊल होतं, आज चाक आहे. उताराला ब्रेक कधी दाबायचा, हासुद्धा अहिंसेचा प्रश्न होऊ शकतो, हे मला इथे कळलं.

चार शत्रू, चार प्रसंग

श्लोकातले ते चार शब्द पाठ करून ठेवा. जनावर समोर आलं की चौघेही हजर होतात.

पहिला हर्ष. आनंद वाईट नाही, पण इथला हर्ष म्हणजे आनंदाने तोल जाणं. मोर दिसला की मोबाईल बाहेर. तो दूर सरकला की आपण मागे. रील झाली, पण तो बिचारा चरायचा थांबला, पळाला. एकदा सातारा डोंगराच्या वळणावर एक रोही वाटेत उभा दिसला. ब्रेक लावून एक पाय टेकवून थांबलो. तो गेला. मी निघणार तेवढ्यात दुसरी आली, मग तिसरी, मागून एक वासरू. कळपातली जनावरं अशीच एकामागून एक येतात, म्हणून पहिलं गेलं की लगेच पॅडल मारायचं नसतं. तेवढ्या वेळात मोबाईल खिशातच होता, आणि वासराने माझ्याकडे एकदा पाहून पुन्हा आईमागे चालायला सुरुवात केली. देवळात कधी कधी गर्दी नसताना जसं दर्शन होतं ना, तसं ते होतं.

दुसरा अमर्ष, म्हणजे चीड, सहन न होणं. हा रानाच्या आधी वस्तीतच भेटतो, कारण कुत्री फिरत्या चाकामागे धावतात. आपण जोर लावला की तीही जोर लावतात. लाथ किंवा दगड मारला की पुढच्या सायकलवाल्यासाठी आपण एक वैरी तयार करून ठेवतो. वेग कमी करा, उतरा, सायकल मध्ये ठेवून चालत पुढे जा. बहुतेक वेळा चाक थांबलं की त्यांचा पाठलागही थांबतो. आणि सातारा गावच्या खंडोबाला हात जोडताना एवढं आठवू या, की त्या देवासोबत कुत्रा असतो.

तिसरं भय. हे खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ३ डिसेंबर २०१९ ला सिडको एन-१ मध्ये बिबट्या शिरला होता. म्हणजे मुकुंदवाडीपासून हाकेच्या अंतरावर. कित्येक तासांनी बेशुद्ध करून त्याला पकडलं. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत आणि मग प्रोझोन मॉलच्या भागात बिबट्या सीसीटीव्हीत दिसला. पिंजरे लागले, पथकं आली. तेव्हा आमच्या ग्रुपवर "आता सायकल बंद" असे मेसेज पडले होते, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. बिबट्या वावरत असल्याची बातमी असताना तिकडे पहाटे अंधारात न जाणं हे भक्तीला कमीपणा आणणारं नाही. देव राखेल म्हणून बिबट्याच्या वाटेवर जाणं ही श्रद्धा नाही, ती देवाची परीक्षा झाली.

तरीही समोर आलाच तर? पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, खाली वाकायचं किंवा बसायचं नाही. सायकलवरून उतरून ती आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची, ताठ उभं राहायचं, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. रानडुकरीण पिल्लांसोबत असेल तर तिच्या आणि पिल्लांच्या मध्ये कधीच यायचं नाही. घोणस वाटेवर पडली असेल तर ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार करते, पण जागची हलेलच असं नाही. लांबूनच थांबायचं, वळसा घालायचा. चुकून साप चावलाच तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही. हात किंवा पाय स्थिर ठेवून, १०८ ला फोन करून, थेट दवाखाना. जखमी किंवा अडकलेलं जनावर दिसलं तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

आता ही यादी पुन्हा वाचा. त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट "त्याला घाबरवू नको, त्याला कोंडीत पकडू नको" हेच सांगते. बहुतेक जनावरं आपला जीव धोक्यात आहे असं वाटलं की अंगावर येतात. त्याला जेवढं अभय, तेवढं मला अभय. श्लोकाचा क्रम असा का आहे, त्याचं उत्तर या यादीतच आहे.

चौथा उद्वेग. भय प्रसंगापुरतं असतं, उद्वेग घरी येऊनही सुटत नाही. कुठला तरी जुना व्हिडिओ "आपल्याच भागातला" म्हणून फिरतो आणि सोसायटीतली लहान मुलं संध्याकाळी खाली उतरत नाहीत. खात्री न करता असा मेसेज पुढे पाठवणं म्हणजे लोकांना उद्वेग देणं. पहिल्या अर्ध्या श्लोकाचा भंग घरी सोफ्यावर बसूनही होतो.

एक प्रश्न, जो टाळता येत नाही

हे सगळं लिहिताना मला चहाच्या टपरीवर भेटलेले एक शेतकरी काका आठवतात. रोहीचं कौतुक करत होतो आम्ही. ते म्हणाले, "तुमचं बरंय पोरांनो. तुम्हाला रोही दिसला की फोटू, आम्हाला दिसला की रात्रीची जागल." मक्यात एक कळप रात्रभर शिरला तर सकाळी काय उरतं, ते त्यांनी हाताने जमिनीकडे दाखवून सांगितलं.

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या अहिंसेला मला दोन मिनिटं थांबावं लागतं, त्यांच्या अहिंसेला हंगाम द्यावा लागतो. दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. पिकाच्या नुकसानीसाठी वन विभागाकडे अर्ज, पंचनामा, भरपाई अशी सोय आहे, पण जागलीची रात्र कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

मग श्लोकाकडे परत गेलो. भगवंतांनी तिथे "लोक" हा शब्द वापरलाय. त्यात रोही आहे, आणि ते काकाही आहेत. माझ्यामुळे दोघांचीही घालमेल होऊ नये. म्हणून शेताच्या बांधावरून सायकल घालायची नाही, उभ्या पिकातून शॉर्टकट नाही, कळपाला हुसकावून कुणाच्या शेतात लोटायचं नाही, आणि शेतकऱ्याला अहिंसेवर प्रवचन तर अजिबात द्यायचं नाही. त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घेणं हीसुद्धा आपली साधना.

अभयारण्य

आपल्याच जिल्ह्यात, कन्नड भागात, गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. आपण अभयारण्य हा शब्द इतक्या सहज वापरतो की त्याची फोड करायचं राहून जातं. अभय अधिक अरण्य. भीती नसलेलं रान. कुणाला भीती नसलेलं? तिथे राहणाऱ्यांना.

आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी येते, तिची सुरुवातच अभय या गुणाने होते. सरकारने सीमा आखून तयार केलेलं अभयारण्य नकाशावर असतं. भक्ताने आपल्याभोवती एक लहानसं अभयारण्य घेऊन फिरावं, असं मला वाटतं. सायकलच्या पुढच्या चाकापासून दहा पावलं, एवढंच. त्यात आलेला ससा, साप, कुत्रा, वाटसरू, कुणीही दचकू नये.

आजचा अभ्यास

१. आज दिवसभरात एकदा तरी थांबून विचारा: माझ्या येण्याने आत्ता कुणी दचकलं का? मांजर असेल, वॉचमनकाका असतील, घरातलं लहान भावंड असेल.

२. रविवारी बाहेर पडणार असाल तर कानात इयरफोन नको. उजाडल्यावर निघा, एकटे जाऊ नका, खाऊचं रॅपर परत आणा आणि वानरांना काही खायला घालू नका.

३. झोपण्याआधी बाराव्या अध्यायातला हा श्लोक एकदा मोठ्याने म्हणा. पहिल्या अर्ध्या भागावर थोडं जास्त थांबा.

पांडुरंगा, माझ्या पावलाला आणि माझ्या चाकाला जपून पडायला शिकव. ज्याच्या घरातून माझी वाट जाते, त्याला माझी भीती वाटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी. उद्या पुढचा श्लोक.