रविवारी रात्री मेस बंद असते

१. वेगळेपण लांबून येतं, असं मला वाटायचं. साताऱ्याहून पुण्याला कॉलेजला आलो तेव्हा मणिपूरची, काश्मीरची मुलं भेटतील याची मनात तयारी होती. थक्क मात्र केलं खोलीतल्या पार्टनरने. तो नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा. घरची बोली पावरी. मराठी तो शाळेत शिकला. इंग्रजी लेक्चरला मी बिचकायचो. पुस्तकाची भाषा परकी असणं त्याला पहिलीपासून ठाऊक होतं. त्यामुळे न कळलेलं भर वर्गात विचारायला तो कधी कचरला नाही. ते धैर्य मी त्याच्याकडून घेतलं.

२. माणसं कळतात ती रविवारी रात्री. दुपारी मेसमध्ये फीस्ट, संध्याकाळी सुट्टी. मग घरून आलेलं सगळं वर्तमानपत्रावर मांडलं जायचं. सोलापूरची शेंगाचटणी, पार्टनरचं आमचूर, इम्फाळच्या मित्राची सुकी मासळी. तिच्या वासाला कुणी नाक मुरडलं की मालवणचा मित्र आधी उसळायचा. तो वास त्याच्या घरचा होता!

३. एकाच कागदावर जेवणं ही साधी गोष्ट नाही, हे मला तिथे उमगलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहू दिली, कारण सगळ्यांनी एका छपराखाली राहावं इतकी समाजाची तयारी नव्हती. तिथल्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली आमच्या साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवलं. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट. तिची किंमत मला हॉस्टेलवर कळली.

४. पैशातलं अंतर सगळ्यात उशिरा दिसतं. भाषा, धर्म पहिल्या आठवड्यात कळतात. शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत एकाच वेळचं जेवण लावणारा मुलगा मात्र ते कुणाला सांगत नाही. ट्रिपचा विषय निघाला की त्याला नेमकं काहीतरी काम असतं. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. तिने वर्गणीचा आकडा ठरवणंच बंद केलं. झाकणाचा डबा फिरायचा, ज्याने त्याने जमेल तेवढं टाकायचं, आणि जमलेल्या पैशांत बसेल तेवढाच बेत. पुढच्या वर्षी ज्युनिअर मुलांनीही हीच पद्धत उचलली.